चातुर्मास, चिंता आणि सकाळची गोळी

चातुर्मास सुरू झाला की व्यापारी पेठांतील जैन घरांचा दिनक्रम बदलतो. जेवणे सूर्यास्तापूर्वी उरकतात. कुणी एकासणे धरते, कुणी आयंबिल. पर्युषणात एखाद्या घरी अठ्ठाई होते, तर दिगंबर घरांत दशलक्षणाचे उपवास होतात. वडीलधारी माणसे या दिवसांची वर्षभर वाट पाहतात. परंतु याच दिवसांत काही घरांत एक गोष्ट कुणालाही न सांगता घडते. रोज घेतली जाणारी एक गोळी बंद होते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करायची झाल्यास माणूस निदान डॉक्टरांना विचारतो आणि घरचेही हटकतात. ही गोळी मुळात गुपचूप घेतली जात असल्यामुळे ती थांबल्याचेही कुणाला कळत नाही. दोन-तीन दिवसांनी चक्कर येऊ लागते, झोप उडते, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे वाटते, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते. घरचे म्हणतात, उपवासाचा अशक्तपणा आहे. पारणे होते, अशक्तपणा जातो. चिडचिड मात्र जात नाही आणि काही आठवड्यांत जुनी भीती पुन्हा दारात उभी राहते.

ही गोळी चिंतेच्या विकारावरची असते. व्यापारी कुटुंबांत हा विकार विरळा नाही, फक्त त्याचे नाव घेतले जात नाही.

साताऱ्याच्या आग्नेयेस, कोरेगाव तालुक्यात, कमंडलू नदीच्या काठी वसलेले रहिमतपूर हे जुने बाजारपेठेचे गाव आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. अशा गावातील पन्नाशीचा एखादा व्यापारी कल्पनेत आणावा. तीन पिढ्यांचे किराणा दुकान, हंगामात घेवड्याची आणि आल्याची खरेदी, चार गावांत पसरलेली उधारी. आल्याचा भाव एका वर्षी शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला दोघांनाही हात देतो, तर दुसऱ्या वर्षी काढणीची मजुरी निघत नाही. महिन्याच्या ११ तारखेला आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे, बँकेला द्यायचे मालसाठ्याचे पत्रक, कुणाचा तरी परत आलेला धनादेश. हे सारे वडिलांनीही निभावले होते आणि त्यानेही वीस वर्षे निभावले. मग एका वर्षी काहीतरी बदलते. गल्ला दोनदा मोजून झाला तरी तिसऱ्यांदा मोजावासा वाटतो. शटर लावून घरी आल्यावर कुलूप ओढून पाहिले होते की नाही, हा प्रश्न जेवताना घास अडवतो. पत्नी म्हणते, “अहो, दोनदा पाहिलेत तुम्ही, मी शेजारीच उभी होते.” तेवढ्यापुरते बरे वाटते. अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न.

एका रात्री छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, हातांना मुंग्या येतात, श्वास पुरेनासा होतो आणि आता संपले असे वाटते. मुलगा गाडी काढतो, साताऱ्याला नेतो. ईसीजी होतो, रक्ताच्या चाचण्या होतात, हृदय ठणठणीत असल्याचे सांगितले जाते. सगळे आनंदाने परततात. महिन्याभराने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी घरात कुणीतरी म्हणते, “पप्पा उगीच टेन्शन घेतात.” हृदयाला काही झालेले नाही, हे खरे. म्हणून काहीच झालेले नाही असे मात्र नव्हे. यास पॅनिक अटॅक म्हणतात. वाघ समोर आल्यावर शरीर जे करते तेच ते येथे वाघ नसताना करते. अॅड्रिनलिन उसळते, हृदय जोराने धावते, श्वास उथळ आणि जलद होतो, जलद श्वासामुळे मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या म्हणून भीती आणखी वाढते. काही मिनिटांत ही लाट शिखर गाठते आणि आपोआप ओसरते. पहिल्या वेळी छातीत दुखले तर रुग्णालयात जावेच, त्यात हयगय नको. हृदय निर्दोष निघाल्यावर मात्र चौथा ईसीजी काढण्यापेक्षा मनाच्या डॉक्टरकडे जाणे अधिक उपयोगाचे असते. तत्पूर्वी थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, कारण थायरॉइड वाढल्यासही अशीच धडधड आणि अस्वस्थता होते. शुद्ध शाकाहारी घरांत ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. तीही तपासलेली बरी.

काळजी कुणाला नसते? मग विकार कोठे सुरू होतो? व्यापाऱ्याला हे हिशेबाच्या भाषेत चटकन कळते. बँक कर्ज देते तेव्हा काही खाती बुडणार हे ती धरूनच चालते आणि त्यासाठी तरतूद करते. नियमित खात्यावर ही तरतूद साधारणतः शंभर रुपयांस चाळीस पैसे असते. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि तरतूद वाढते. खाते पूर्ण बुडीत ठरल्यावर शंभर टक्के तरतूद होते. व्यवहारी माणसाची काळजी अशी असते, धोक्याच्या प्रमाणात. चिंतेच्या विकारात मन प्रत्येक खात्यावर पहिल्याच दिवशी शंभर टक्के तरतूद करून बसते. मुलाचा फोन लागला नाही, अपघात झाला असणार. बँकेतून बोलावणे आले, मर्यादा बंद होणार. एकाच वेळी सर्व खाती बुडीत धरणाऱ्या बँकेकडे नवे कर्ज द्यायला पैसा उरत नाही आणि अशा मनाकडे दिवसाच्या कामाला बळ उरत नाही. ही अवस्था सहा महिने किंवा अधिक काळ बहुतेक दिवशी राहिली, झोप, एकाग्रता आणि कामकाज तिच्यामुळे बिघडू लागले, की वैद्यकशास्त्र तिला विकार म्हणते. पॅनिक अटॅक वारंवार येऊ लागल्यास सहा महिने थांबण्याचेही कारण नाही.

एवढे सांगूनही माणूस डॉक्टरकडे जात नाही, त्याचे कारण रहिमतपुरातच जन्मलेल्या एका नाटककाराच्या नाटकाच्या नावात दडलेले आहे. वसंत कानेटकर यांचा जन्म येथे झाला. त्यांचे पहिले नाटक १९५७ सालचे, ‘वेड्याचं घर उन्हात’. त्यातील प्रमुख भूमिका साताऱ्यातच जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनी गाजवली. नाटकाचा विषय वेगळा आहे, पण त्याचे नाव पेठेतील भीतीचे अचूक वर्णन करते. मनाच्या आजारात शिक्का एका माणसावर बसत नाही, तो घरावर बसतो. मुलीसाठी स्थळे पाहणे चालू असते, मुलाच्या सासरकडची माणसे येणार असतात, भागीदार काय म्हणतील, उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी हात आखडता घेईल का, असे सर्व हिशेब होतात. मग साताऱ्यात कुणी ओळखीचा भेटेल म्हणून उपचार पुण्याला चालतात आणि गोळ्यांची पट्टी तिजोरीत हुंडीच्या कागदांखाली ठेवली जाते. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता, परंतु येथील अनेक व्यापारी कुटुंबांची मुळे ज्या राजस्थान आणि गुजरातेत आहेत ती दोन्ही राज्ये होती. निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण त्यात ७० ते ९२ टक्के आढळले. शंभर आजाऱ्यांत सत्तराहून अधिक जण उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. जे पोहोचतात, त्यांतले काही पर्युषणात गोळी सोडतात.

औषधांविषयी सर्वांत मोठा गोंधळ असा की, दोन अगदी भिन्न प्रकारच्या गोळ्यांना लोक ‘झोपेची गोळी’ हे एकच नाव देतात. पहिल्या प्रकारात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी औषधे येतात. ती अर्ध्या-एक तासात मन शांत करतात आणि त्यातच त्यांचा धोका आहे. काही आठवडे रोज घेतल्यास शरीर त्यांची सवय लावून घेते, तोच परिणाम मिळण्यास मात्रा वाढवावी लागते आणि अचानक बंद केल्यास चिंता उसळते. क्वचित झटकेही येतात. म्हणून डॉक्टर ती थोड्या दिवसांसाठी, आधार म्हणून देतात. अल्प्राझोलाम २०१४ पासून औषधनियमांतील ‘एच-१’ या यादीत आहे. ती विकताना औषध दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. असे असूनही ओळखीच्या दुकानातून ती वर्षानुवर्षे आणणारी माणसे प्रत्येक पेठेत सापडतील. दुकानदार मित्र असतो, नाही म्हणवत नाही. हा मित्रधर्म नव्हे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरा प्रकार सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारख्या औषधांचा. मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याच्या व्यवहारावर ती काम करतात. त्यांची सवय लागत नाही, नशा येत नाही. परंतु ती सावकाश काम करतात. परिणाम दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, कधी उलट थोडी अधिकच अस्वस्थता जाणवते. रुग्ण नेमका येथेच घाबरतो आणि म्हणतो, गोळीने त्रास वाढला. पहिल्या पंधरवड्यात सोडणारे हे एक. दुसरे सोडणारे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असतात. त्यांना बरे वाटू लागलेले असते, मग गोळी कशाला? चिंतेच्या विकारात बरे वाटू लागल्यानंतरही डॉक्टर सहसा सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात. आणि ते बंद करताना मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. बऱ्या झालेल्या माणसाचे औषध डॉक्टरांनीच थांबवायचे असते. औषध न थांबता वर्षानुवर्षे चालणारे रुग्णही असतात. मधुमेह्याला त्याची लाज वाटत नाही, यांनाही वाटण्याचे कारण नाही.

आता चातुर्मासाचा प्रश्न. या दुसऱ्या प्रकारची बहुतेक औषधे दिवसातून एकदाच घ्यायची असतात आणि ती सकाळीही घेता येतात. चौविहार पाळणाऱ्याने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना एवढेच सांगावे, “डॉक्टरसाहेब, सूर्यास्तानंतर मी पाणीही घेत नाही.” गोळीची वेळ त्याप्रमाणे बसवून मिळते. ही गोष्ट न सांगता रात्रीची गोळी लिहून घेणारा आणि मग ती चार महिने न घेणारा रुग्ण डॉक्टरांना वर्षानंतर कळतो. दुसरा प्रश्न कॅप्सूलचा. पुष्कळ कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडे-कातड्यापासून केलेले असते. फ्लुओक्झेटीन, ड्युलोक्झेटीन ही औषधे अनेकदा कॅप्सूलमधून येतात. वनस्पतीजन्य आवरणाच्या कॅप्सूलही निघतात, आणि बहुधा साध्या गोळीच्या रूपातला पर्यायही असतो. डॉक्टरांना विचारावे. कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्यात घेण्याचा घरगुती उपाय मात्र करू नये. काही कॅप्सूलांतील दाणे हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेले असतात, त्यांचा हिशेब बिघडतो.

उपवासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तेथे श्रद्धेचा संबंध येतो. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणात काही आगार म्हणजे सवलती पूर्वीपासून सांगितलेल्या आहेत. त्यांत एक आगार समाधी टिकवण्यासाठीचा आहे. तीव्र व्याधीने चित्त व्याकूळ झाले असता औषध घ्यावे लागले तर व्रत मोडत नाही, असा त्याचा आशय. हा आगार पच्चक्खाण घेताना दर वेळी उच्चारला जातो, पण मनाच्या आजाराला तो कसा लागू होतो याचा विचार क्वचितच होतो. एखाद्या तपस्व्याने महाराजसाहेबांपुढे किंवा दिगंबर घरातील व्यक्तीने मुनिराजांपुढे आपली अडचण मोकळेपणाने ठेवली तर उपवासाऐवजी एकासणे सुचवले जाण्याची किंवा अन्य मार्ग निघण्याची शक्यता पुष्कळ असते. अडचण अशी की, त्यांना सांगायचे म्हणजे आजाराचे नाव घ्यावे लागते. दीर्घ उपवासाचा संकल्प असेल तर डॉक्टरांशी एक-दोन महिने आधी बोलावे. काही रुग्णांत मात्रा हळूहळू कमी करता येते, काहींत येत नाही, हा निर्णय संकल्पाच्या आदल्या रात्री होण्यासारखा नाही.

औषध लाट शांत करते. बारा महिने किनाऱ्यावर कसे राहायचे, हे ते शिकवत नाही. त्यासाठी बोलण्याचा उपचार आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, १९६० च्या दशकात अॅरन बेक यांनी विचार आणि वर्तन यांवर आधारलेली पद्धती विकसित केली. महाराष्ट्राचे भाग्य असे की, कि. मो. फडके यांच्यासारख्या अभ्यासकाने एलिस यांचे विचार मराठीत आणले आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ते सामान्य घरांपर्यंत नेले. एलिस यांचे मूळ सांगणे व्यापाऱ्याला परके वाटू नये. भाव पडला, ही घटना. रात्री झोप उडाली, हा परिणाम. या दोहोंच्या मध्ये एक वाक्य असते, जे माणूस स्वतःशी म्हणतो आणि ते त्याच्या कानावर येत नाही. ‘भाव पडला, आता सगळे बुडणार आणि ते मला सोसवणार नाही.’ उपचारतज्ज्ञ ते वाक्य कागदावर आणतो आणि मग त्याची छाननी सुरू होते.

ही छाननी म्हणजे गोड बोलून समजूत घालणे नव्हे. तज्ज्ञ विचारतो, गेल्या पाच वर्षांत भाव किती वेळा पडला? त्या वर्षीचा ताळेबंद काय सांगतो? तोटा किती झाला, तो कसा भरून निघाला? ज्याच्या कपाटात पाच वर्षांच्या खतावण्या आहेत त्याला उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. पुढच्या भेटीपर्यंत त्याने एक वही ठेवायची असते. डाव्या बाजूला भाकीत, काय वाईट घडेल असे वाटले ते, तारखेसह. उजव्या बाजूला प्रत्यक्ष काय घडले. महिन्याच्या शेवटी बेरीज मांडली की जमा-नावे जुळत नाहीत, भाकितांपैकी पुष्कळशी फोल ठरलेली दिसतात. दुसरा एक साधा उपाय वेळ ठरवून चिंता करण्याचा. दिवसभरात आलेली प्रत्येक काळजी दोन शब्दांत टिपून ठेवायची आणि तिचा विचार संध्याकाळी ठरलेल्या वीस मिनिटांतच करायचा. दुपारी गिऱ्हाईक समोर असताना ती आली तर तिला सांगायचे, साडेपाचला ये. हास्यास्पद वाटते खरे. करून पाहणाऱ्यांना साडेपाचपर्यंत यादीतल्या निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या दिसतात.

कठीण भाग वर्तनाचा आहे. गल्ला एकदाच मोजायचा, कुलूप एकदाच ओढायचे आणि मागे न वळता घरी यायचे. पहिले काही दिवस जीव कासावीस होतो. तो तसाच होऊ द्यायचा, कारण न तपासताही अस्वस्थता ओसरते हे शरीराला अनुभवानेच कळते. (तपासणीचा किंवा हात धुण्याचा हा प्रकार दिवसाचे तास खाऊ लागला असेल तर तो मंत्रचळ हा वेगळा विकार असतो, त्याचा उपचारही थोडा वेगळा.) येथे घरच्यांचे काम सुरू होते आणि ते त्यांच्या स्वभावाविरुद्ध असते. ‘हो, कुलूप लावले आहे’ असे दर वेळी सांगणारी पत्नी प्रेमानेच सांगत असते, पण त्या खात्रीने आजाराला दररोज व्याज मिळते. तज्ज्ञ तिलाही बोलावतात आणि शिकवतात की उत्तर द्यायचे नाही, रागवायचे नाही, एवढेच म्हणायचे, “हा तुमचा आजार विचारतो आहे, मी त्याला उत्तर देणार नाही.” ज्या घरात उपचार लपवलेला असतो त्या घरात हे शिकवायचे तरी कुणाला? असे उपचार साधारणतः बारा ते सोळा बैठकांचे असतात. तीन बैठकांत ‘नुसते बोलणेच तर आहे’ म्हणून पैसे वाया गेल्याची तक्रार करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

लहान गावात असा तज्ज्ञ आणायचा कोठून, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यातून मिळाले. डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने ‘संगाथ’ या संस्थेने तेथे ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने निवडले. त्यांतील निम्म्या ठिकाणी एकेक समुपदेशक नेमला. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन तयार केले होते. चिंता आणि नैराश्याच्या रुग्णाला त्याच्या भाषेत आजार समजावून सांगणे, श्वसनाचे व्यायाम शिकवणे, गरज असलेल्यांना बोलण्याचा उपचार देणे आणि औषध मध्येच सुटू न देणे, हे त्यांचे काम. मानसोपचारतज्ज्ञ वेळोवेळी येऊन देखरेख करीत. २,७०० हून अधिक रुग्ण या अभ्यासात होते आणि निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. शंभरात तेवीस माणसे अधिक बरी झाली, तीही एका प्रशिक्षित शेजाऱ्यामुळे.

खासगी दवाखान्यांतील आकडे मात्र निराळे निघाले. समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६४.१ टक्के आणि नसलेल्या ठिकाणी ६५.९. म्हणजे फरक पडलाच नाही. याचा एक अर्थ असा लावता येतो की, ओळखीचा खासगी डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, पुन्हा बोलावतो, चौकशी करतो आणि समुपदेशकाचे पुष्कळसे काम नकळत तोच करीत असतो. रहिमतपूरसारख्या गावात ज्या घराचा वीस वर्षांचा कौटुंबिक डॉक्टर आहे, त्या घराने उपचाराची सुरुवात तेथूनच करावी. पुण्याला लपून जाण्यापेक्षा गावातील डॉक्टरांना विश्वासात घेणे अधिक लाभाचे. पुढे साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयाचा मार्ग आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्थाही साताऱ्यात व्यसनमुक्तीसह मानसिक आरोग्याचे काम करते. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा विनाशुल्क क्रमांक असून तेथे मराठीतून बोलता येते. माणूस जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला तर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सण, लग्न, वसुली काहीही असो.

दिनचर्येविषयी थोडक्यात. पेठेत दिवसाला आठ-दहा कप चहा सहज होतो, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर अर्धा घ्यावाच लागतो. चहातील कॅफिन धडधड वाढवते, ते दुपारनंतर बंद केल्यास आठवड्याभरात झोपेत फरक दिसतो. रोज अर्धा तास झपाझप चालणे चिंतेवर खरोखर परिणाम करते. दुकानातल्या फेऱ्या त्यात धरू नयेत. झोपण्याची आणि उठण्याची वेळ रविवारीही बदलू नये. रात्री अंथरुणावर बाजारभावाचे संदेश पाहण्याची सवय तर सर्वांत वाईट. भाव रात्री अकराला कळला काय आणि सकाळी सातला कळला काय, सौदा सकाळीच व्हायचा असतो. या बाबतीत जैन घरांकडे आयती शिदोरी आहे. सूर्यास्तापूर्वीचे हलके जेवण झोपेला पोषक असते आणि ४८ मिनिटांच्या सामायिकात दुकान, फोन आणि हिशेब तिन्ही बाहेर राहतात. मात्र ‘नित्य सामायिक करणाऱ्याला गोळी कशाला हवी’ असे म्हणणारे शुभचिंतक प्रत्येक संघात असतात आणि त्यांचे ऐकून कित्येकांनी औषध सोडलेले असते. चष्मा लावणाऱ्या श्रावकाला कुणी असे विचारत नाही. चिंतेने पोखरलेला माणूस सामायिकाला बसतो तेव्हा आसनावर शरीर असते आणि मनात आर्तध्यानच चालू असते. औषधाने ते निवळले तर सामायिक चांगले होते, असा अनुभव सांगणारेही भेटतात.

खर्चाचा हिशेब व्यापारी कुटुंबाने करावाच. एस्सिटालोप्रामसारखी गोळी जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते. मोठा खर्च बैठकांचा असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणे बंधनकारक आहे आणि विमा नियामकाने २०१८ साली कंपन्यांना तशी सूचनाही दिली. तरीही पॉलिसी वाचून पाहावी. बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाचा असतो, आणि चिंतेचा उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतो. त्यासाठी बाह्यरुग्ण खर्चाचे कलम वेगळे घेतलेले असावे लागते. नवी पॉलिसी घेताना प्रस्तावपत्रात आजाराविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरे लिहावे, गोळी चालू असेल तर तिचे नावही द्यावे. स्थळ येईल म्हणून, भागीदार ऐकेल म्हणून जो आजार लपवला, तो विम्याच्या कागदावरही लपवला, तर पुढे हृदयाच्या शस्त्रक्रियेचा दावासुद्धा त्या एका रिकाम्या रकान्यावरून अडकू शकतो.